अवसेचा खड्डा

सात वर्षं मी एका खड्ड्यावर काम केलं. खड्डा जमिनीतला नव्हे, आलेखातला. विश्वकिरणांचा रोजचा आकडा सरळ रेषेत चालायचा, अमावास्येला खाली जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत वर यायचा. मुंबईतल्या आमच्या संस्थेत सगळे त्याला ‘न्यू मून डिप’ म्हणत. मी मनातल्या मनात त्याला अवसेचा खड्डा म्हणायचो, कारण आमच्या शेणव्यात अमावास्येला अवस म्हणतात आणि ज्या यंत्राने तो खड्डा टिपला ते यंत्र आमच्याच माळावर होतं.

विश्वकिरण म्हणजे काय हे मी आजवर बऱ्याच लोकांना समजावलं आहे. माझी आई सोडली तर कुणालाच ते नीटसं पटलेलं नाही. दूर अवकाशातून, नेमकं कुठून ते अजून माहीत नाही, अणूपेक्षाही लहान कण भयंकर वेगाने येतात. वीसेक किलोमीटर उंचीवर ते हवेला धडकतात, फुटतात, त्यांचे तुकडे पुन्हा धडकतात आणि शेवटी लाखो बारीक कणांचा वर्षाव एकाच क्षणी जमिनीवर पडतो. आपल्या अंगातून ते आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आईला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, “आसंल. न दिसता काय काय आंगावर पडत असतं.”

आमचे उकिडवे सर हे सगळं कागदावर करणारे. कणभौतिकीतले सिद्धांतवाले. आयुष्यात त्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात धरला नसेल. पण निवृत्तीच्या आधी एकदा स्वतःचं यंत्र उभारून स्वतःचा सिद्धांत तपासायचा असं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यासाठी मुंबईबाहेर मोकळी, सपाट जागा हवी होती आणि पैसे फार नव्हते. मी तेव्हा त्यांचा नवा विद्यार्थी. १९९६ साल. पुढे पुढे करायची हौस होती, म्हणून सांगून बसलो की आमचा शहापूर तालुक्यात माळ आहे, काही पिकत नाही, पडूनच असतो.

सर शेणव्याला आले तेव्हा बाबा धुतलेला सदरा घालून, टोपी ठीकठाक करून माळावर उभे होते. बाबांचं नाव सावळाराम. चौथीपर्यंत शिकलेले, भातशेती करणारे, दोन बैलांचे धनी. त्यांनी सरांना विचारलं, “हितं काय पेरनार तुमी?”

“काही नाही. वरून जे पडेल ते मोजणार,” सर म्हणाले.

“मंग आमच्यावानीच,” बाबा म्हणाले. सर खूप हसले. परतीच्या वाटेवर दोनदा हसले.

पुढच्या वर्षभरात माळावर चोवीस पत्र्याच्या पेट्या आल्या. प्रत्येक पेटीत प्लास्टिकचा एक फळा, कण त्यातून गेला की क्षणभर चकाकणारा, आणि ती चकाकी पकडायला काचेची नळी. बऱ्याच पेट्या एकाच क्षणी चकाकल्या की यंत्र म्हणायचं, एक वर्षाव झाला. दिवसाला साधारण अकरा हजार व्हायचे. मधोमध एक खोपटं, त्यात मोजणी करणारं यंत्र. आणि राखणदार म्हणून बाबा.

राखणदारी म्हणजे मुख्यतः बॅटऱ्या. शेणव्यात वीज असली तर असायची, आणि माळापर्यंत तर खांबच नव्हते. म्हणून यंत्र ट्रकच्या दोन बॅटऱ्यांवर चालायचं. दुसऱ्या दोन घरी ओटीवर चार्जिंगला. रोज सकाळी बाबा भरलेल्या दोन बॅटऱ्या कावडीला बांधायचे, एक पुढे, एक मागे, आणि कावड खांद्यावर घेऊन निघायचे. जायला अर्धा तास. तिथे त्या जोडायच्या, कालच्या काढायच्या आणि त्या घेऊन परत. बॅटऱ्या तशा दोन दिवस चालल्या असत्या, पण रोज बदलायच्या हा नियम मी घालून दिला होता. वजन किती याचा विचार मी केला नव्हता. मी ती कावड एकदाच उचलून पाहिली होती आणि लगेच खाली ठेवली होती.

बाबांना एक छापील तक्ता दिला होता. तारीख, वेळ, बॅटरी किती व्होल्ट, आणि शेवटी शेरा. पहिलं वर्ष मी दर पंधरवड्याला घरी जायचो. मग जाणं कमी झालं. शेजारचा रितेश आसनगावहून रोज मुंबईला नोकरीला जायचा. बाबा शनिवारी त्याच्याकडे पाकीट द्यायचे, त्यात यंत्राची फ्लॉपी आणि आठवड्याचा तक्ता. रितेश ते संस्थेच्या दारावर ठेवायचा. मी संध्याकाळी उचलायचो. अशा रीतीने बाप आणि मुलगा दर आठवड्याला संपर्कात होते, असं म्हणता येईल.

तक्ता संगणकात टाइप करायचं काम माझंच. शेऱ्याच्या रकान्यात बाबा काहीबाही लिहायचे. ‘पाल मेली.’ ‘नऊ नंबर पेटीला म्हशीनं पाठ घासली.’ ‘वारा लई.’ मी ते टाइप करत नसे, कारण माझ्या प्रोग्रॅममध्ये म्हशीला जागा नव्हती. पुढे तर टाइप करताना नजर चुकू नये म्हणून मी तो रकाना आधीच दुमडून ठेवायचो. कधी व्होल्टचा रकाना रिकामा असायचा. तिथे आदल्या दिवसाचा आकडा आपोआप भरला जावा, अशी एक ओळ मी प्रोग्रॅममध्ये घातली होती. सगळेच घालतात. त्या ओळीचा मला कधी त्रास झाला नाही.

खड्डा १९९९च्या उन्हाळ्यात सापडला. मी सोळा-सतरा महिन्यांचे आकडे एकावर एक रचून बघत होतो, आणि दर साडेएकोणतीस दिवसांनी तोच खड्डा येताना दिसला. साडेएकोणतीस म्हणजे चांद्रमास. प्रत्येक अमावास्येला वर्षाव साधारण चार टक्क्यांनी कमी होत होते. सरांकडे कागद नेला तर ते उठून उभे राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यापूर्वी त्यांनी कधी माझ्या कशावरही हात ठेवला नव्हता.

आठवड्याभरात सिद्धांत तयार. सूर्याच्या पोटातून आजवर कुणी न पाहिलेला एक जड कण निघतो. अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो आणि त्यातले काही कण अडवतो, म्हणून आकडा कमी. एका जर्मन बाईंनी पत्र लिहून विचारलं की चंद्र काही दर अमावास्येला बरोबर सूर्याच्या आड येत नाही, थोडा वर किंवा खाली असतो, मग कसं? सरांनी त्यावर सोळा पानी उत्तर लिहिलं. आणखी कुणी विचारलं की खड्डा तर रात्रीही दिसतो, तेव्हा सूर्य पृथ्वीच्या पलीकडे असतो. सर म्हणाले, हा कण पृथ्वीतून आरपार येतो. मग तो चंद्रातून आरपार का जात नाही, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही. माझ्या प्रबंधाची पाच प्रकरणं त्या खड्ड्यावर उभी राहायची होती, आणि दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

१९ नोव्हेंबर २००२ला, मंगळवारी, दुपारी रितेशचा संस्थेत फोन आला. बाबा सकाळी खळ्यावर भात झोडायला बसले आणि तिथेच गेले. मी पोचलो तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. हातापायाला भाताचं कुसळ चिकटलेलं होतं, ते कुणीतरी ओल्या फडक्याने पुसत होतं. मी सगळं केलं. मडकं धरलं, डोकं भादरलं, दहावा, तेरावा. रडू आलं नाही. आत्या आईला म्हणाली, पोरगा दगड झाला. मला त्याचंही वाईट वाटलं नाही. मला वाटलं, येईल नंतर, आपण थांबू. तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी परत माझ्या खुर्चीत होतो आणि मला चांगली भूक लागत होती.

तेराव्यापर्यंत बॅटऱ्या चुलत्याने बदलल्या. मग आई म्हणाली, मी बघते. तिला आकडे लिहिता यायचे, अक्षरं नाही. पाकीट दर शनिवारी येत राहिलं, शेऱ्याचा रकाना कोरा.

डिसेंबरच्या अमावास्येला खड्डा पडला नाही. जानेवारीतही नाही. फेब्रुवारी, मार्च, आलेख सपाट. मी घाबरत घाबरत सरांना दाखवलं. सरांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, सूर्याचा अकरा वर्षांचा फेरा असतो, त्याचा जोर आता ओसरतोय, म्हणून तो कण निघणं थांबलंय. उलट हा पुरावाच आहे. त्यांनी प्रबंधात सहावं प्रकरण घालायला सांगितलं. मे महिन्यात प्रबंध द्यायचा होता, जूनमध्ये सर निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर संस्थेत मला विचारणारं कुणी नव्हतं. मी सहावं प्रकरण लिहायला घेतलं.

पाडव्याला आईने ये म्हणून सांगितलं. घरात वर्ष वळलं नव्हतं, गुढी उभारायची नव्हती, तरी ये म्हणाली. मी आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने आसनगावला उतरलो आणि जीपने शेणव्याला आलो. घर उघडं, आई नाही. ओटीवर चार्जिंगची जागा रिकामी. थोड्या वेळाने माळाच्या वाटेने ती येताना दिसली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर बॅटरी. मागे शेजारची सकुबाई, तिच्या डोक्यावर दुसरी.

मी पुढे होऊन दोघींच्या बॅटऱ्या उतरवून घेतल्या. आईच्या कपाळावर चुंबळीचा वळ उठला होता.

“आलास? चा टाकते,” ती म्हणाली.

“कावड का नाही घेत?”

“कावड बाप्यांची. आमाला डोकंच बरं.”

आम्ही तिघं ओटीवर चहा घेत बसलो. भिंतीवर कॅलेंडर होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “उद्या पाडवा, म्हणजे आज अवस.”

“हा. तुझा बापूस आज गेला नसता.”

“कुठं?”

“माळावर. अवसेला तो बॅटऱ्या नाय न्यायचा. बैलाच्या खांद्यावर अवसेला जू ठेवत नाय, मंग माझ्याच कशाला, म्हनायचा. कावड म्हंजे जूच की.”

“दर अवसेला?”

“दर अवसेला. बाकी एक दीस चुकला नाय. तापात पन गेला.”

“मग तू कशी गेलीस आज?”

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की मुंबईत शिकून हे विचारतोय. “डोक्यावर कुठं जू आसतं रे? आन बायांना कसली आलीय अवस? चूल ऱ्हाते का अवसेची थंड?”

सकुबाई तोंडाला पदर लावून हसली. मी चहा संपवला. चहा गोड होता. सात वर्षं संपल्याचं मला त्या ओटीवर कळलं आणि मी कप विसळून ठेवला.

कळायला काही कठीण नव्हतं. बॅटरी बदलली नाही की कालच्याच बॅटरीवर तो दिवस काढावा लागतो आणि तिचा जोर थोडा उतरतो. नळ्यांना मिळणारा विजेचा दाब उतरतो. बारीक चकाक्या त्यांना दिसेनाशा होतात. आकडा कमी. सूर्याचा काही संबंध नाही, चंद्राचा फक्त कॅलेंडरपुरता. बाबा घरी बसायचे म्हणून खड्डा पडायचा. बाबा गेले, आई जायला लागली, म्हणून खड्डा बुजला.

त्या दुपारी मी पडून विचार केला, अगदी शांतपणे. हे फक्त आईला आणि सकुबाईला माहीत होतं, आणि त्याचा अर्थ काय होतो हे त्यांना माहीत नव्हतं. खड्डा आता पडत नाही, सरांकडे त्याचं कारण आहे, जर्मन बाईंचं समाधान झालेलं आहे. मी गप्प बसलो तर दीड महिन्यात प्रबंध देतो, डॉक्टर होतो. बोललो तर एकतीस वर्षांचा, हातात काही नसलेला माणूस होतो, आणि वर बाबांचं नाव निघतं की राखणदार कामचुकार होता. दोन्ही बाजू मला नीट दिसत होत्या. कुठल्याच बाजूने मन ओढ घेत नव्हतं. वीज जाऊन पंखा थांबला तेव्हा उठलो.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला म्हणालो, “आज बॅटऱ्या नको बदलू.”

“आज काय अवस नाय.”

“म्हणूनच.”

तिला ते आवडलं नाही. ती दोनदा ओटीवर जाऊन भरलेल्या बॅटऱ्यांकडे बघून आली. मी माळावर जाऊन खोपट्यात बसलो. तासातासाचा आकडा फार उड्या मारतो, त्यावरून काही कळत नाही, दिवसाची बेरीज लागते. तरी मी बसलो. व्होल्टमीटरचा काटा दुपारपर्यंत चांगला खाली आला होता. बाहेर करवंदीच्या जाळीत पोरी करवंदं पिकली का ते बघत होत्या, पिकली नव्हती. संध्याकाळी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बेरीज घेतली. दहा हजार पाचशे सत्तर. आदल्या दिवशी अकरा हजार वीस होते. चार टक्के.

एक बॅटरी मी आणली होती, दुसरी डोक्यावर घेऊन आई मागोमाग आली होती. मी दोन्ही जोडल्या. ती दारात उभी होती.

“तुझ्या बापाचं काय चुकलं काय?” तिने विचारलं.

“नाही. माझं चुकलं.”

“मंग सांग तसं ज्याला सांगायचं त्याला.” मग म्हणाली, “तो तर लिवायचा कागदावर. मला इचारायचा, पोरगा वाचत आसंल ना.”

मी बॅटरीच्या पट्ट्या घट्ट आवळल्या.

मुंबईला आल्यावर कपाटातून तक्त्यांच्या फायली काढल्या आणि दुमडलेला रकाना एकेक करून उलगडला. घड्या इतक्या जुन्या होत्या की काही ठिकाणी कागद तुटून हातात आला. जिथे जिथे व्होल्टचा आकडा नव्हता तिथे बाबांनी लिहिलं होतं, ‘अवस. खांदा मोकळा.’ दर महिन्याला तेच, त्याच अक्षरात. पाच ठिकाणी थोडं जास्त होतं. ‘दिवाळी. पोरगा घरी. खांदा मोकळा.’ लक्ष्मीपूजन अवसेलाच येतं. त्या पाचही दिवशी मी घरी होतो, नवा शर्ट घालून फराळ करत होतो, आणि बाबा समोर बसलेले होते. मला वाटायचं सण आहे म्हणून बसलेत.

एकूण साठ अवसा. त्यातल्या तीनदा पावसाळ्यात यंत्रच बंद होतं. उरल्या सत्तावन्न.

सरांना मी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं. तक्ते टेबलावर ठेवले, परवाचा आकडा ठेवला. त्यांनी चष्मा लावून शेरे वाचले. बरेच वाचले, म्हशीचाही वाचला. मग विचारलं, “दुसऱ्या कुठल्या सुट्ट्या घ्यायचे वडील?”

“नाही घ्यायचे.”

“होळी? गणपती?”

“नाही, सर. फक्त अवस.”

“चार वर्षं मी एका माणसाच्या सुट्टीचं गणित मांडत होतो,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं, तिथे सायकलींचं शेड होतं. “हे रिकाम्या जागी आदल्या दिवसाचा आकडा भरायचं कुणी ठरवलं?”

“मी.”

“हं.” मग म्हणाले, “तू हे सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं.”

“माहीत आहे.”

प्रबंध गेला नाही. सरांनी तीन ठिकाणी पत्रं लिहिली, सोळा पानांचं उत्तर मागे घेतलं, जर्मन बाईंना स्वतंत्र चिठ्ठी पाठवली. साठाव्या वर्षी माणसाला हे करावं लागलं ते माझ्यामुळे, आणि त्यांनी ते एका दुपारीत केलं. मला ते बघवलं नाही, एवढं तरी मला वाटलं. मुदत वाढवून मिळाली नाही. मुरबाडच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्सच्या मास्तरची जागा निघाली होती, तिथे अर्ज केला. जूनपासून तिकडे जायचं ठरलं. यंत्रही जूनमध्ये गुंडाळायचं होतं. आईला हे फोनवर कळवलं तर म्हणाली, “बरं झालं, जवळ येशील. पेट्यांचे पत्रे गोठ्याला घालू का?”

मे महिन्यात एक काम राहिलं होतं. सर म्हणाले, आकडे वाया घालवायचे नाहीत. पाच वर्षांची स्वच्छ मोजणी आहे, ते खराब दिवस काढून टाकू, उरलेल्यांवर साधा लेख लिहू, दिवसाला किती वर्षाव पडतात एवढंच सांगणारा. अशा लेखाला कुणी टाळ्या वाजवत नाही, पण पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडतो. खराब दिवस का काढले त्याची एक ओळ त्यांनी सांगितली, ‘कर्मचारी गैरहजर.’

“सर, ‘बॅटरी बदलली नव्हती’ असं लिहू या,” मी म्हणालो.

“त्याने फरक पडतो?”

“पडतो.”

सरांनी ओळ बदलली.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी ते दिवस काढायला बसलो. आधी रिकाम्या जागा भरणारी माझी ती ओळ पुसली. मग सत्तावन्न तारखा एकाखाली एक टाइप केल्या आणि एंटर दाबलं. त्या सत्तावन्न दिवसांशिवाय बाबा पाच वर्षांत कधी खांदा मोकळा ठेवून बसले होते याची जगात दुसरीकडे कुठे नोंद नसेल. तारखा क्षणात गेल्या. पडद्यावर आलं, ५७ नोंदी वगळल्या.

राहिलेल्यांची यादी तपासायची होती. चांगला दिवस म्हणजे बॅटरी वेळेवर बदललेली, व्होल्ट बरोबर, आकडा पूर्ण. मी बोट ठेवत खाली जात होतो. ऑक्टोबर २००२ झाला. नोव्हेंबर लागला, चार तारीख गळली होती, ती दिवाळीची अवस. पुढे सगळे दिवस सलग होते. एकोणीस तारखेवर बोट थांबलं. बॅटरी बदलली, सकाळी सात चाळीस. बारा पॉइंट आठ व्होल्ट. वर्षाव अकरा हजार बारा. मूळ तक्ता काढून पाहिला. अक्षर बाबांचंच होतं, आणि शेरा काही नव्हता. माळावरून परत येऊन ते खळ्यावर बसले असणार. यंत्र मात्र दुसऱ्या दिवशी चुलता येईपर्यंत, आम्ही त्यांना पोचवून आलो तरी, त्यांनी जोडलेल्या बॅटऱ्यांवर बिनचूक चाललं होतं.

नियम मीच लिहिला होता आणि त्या नियमात तो दिवस बसत होता. आरामाचे सगळे दिवस मी काढून टाकले होते, आणि बाबा गेले तो दिवस चांगला म्हणून राहणार होता.

माझं बोट त्या तारखेवरच होतं. पलीकडच्या टेबलावर पूजा नावाची नवी विद्यार्थिनी बसायची. तिने विचारलं, “शेखर, बरं वाटत नाहीये का?”

“माझे वडील गेले,” मी म्हणालो.

ती गोंधळली. उठून जवळ आली, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “पण ते तर नोव्हेंबरात ना?” ती हळूच म्हणाली.

“हो,” मी म्हणालो, आणि मला रडू आलं.